कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात तेव्हा: उपचार, शुश्रूषा आणि खर्चाचा हिशेब

काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेला कुत्रा मागचे पाय फरफटत चालू लागला, की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा आणि लगोलग दुसरा येतो तो खर्चाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असतात: पाय नेमके कशामुळे गेले, आणि पायांच्या बोटांत खोलवरची वेदना अजून जाणवते की नाही. यांपैकी दुसरी गोष्ट कोणताही अनुभवी पशुवैद्यक टेबलावर दोन मिनिटांत तपासू शकतो आणि पहिलीचाही बराचसा अंदाज त्याला हाताने तपासूनच येतो. असे असूनही पुष्कळ घरांत आधी महागड्या तपासण्या होतात आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी, म्हणजे खरी शुश्रूषा सुरू होते तेव्हासाठी, हाताशी काही शिल्लक राहत नाही. म्हणून पैसा कुठे लावल्याने कुत्र्याला फायदा होतो आणि कुठे लावूनही फारसा फरक पडत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

कुत्र्याच्या मानेत 7, छातीच्या भागात 13 आणि कमरेत 7 मणके असतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि बहुतेक मणक्यांच्या जोडीमध्ये एक चकती असते. चकतीचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आतला गाभा मऊ असतो. डॅशहुंड, बीगल, कॉकर स्पॅनियल, शिह त्झू अशा जातींत हा गाभा तरुणपणीच सुकून खडूसारखा कडक होऊ लागतो. आखूड पाय आणि लवकर झिजणाऱ्या चकत्या यांचा संबंध एकाच जनुकाच्या जादा प्रतीशी आहे, हे 2017 साली संशोधकांनी दाखवून दिले. एखाद्या दिवशी सोफ्यावरून उडी मारताना किंवा काहीच विशेष न करताना कडे फाटते आणि उकडताना मोदक फुटून सारण बाहेर यावे तसा गाभा थेट मज्जारज्जूवर येतो. बरगड्यांच्या बहुतांश भागात चकत्यांवरून एक आडवा बंध गेलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रकार क्वचित घडतो; शेवटच्या बरगड्या आणि कंबर यांच्या सांध्यावर मात्र तो बंध नसतो. पाठीला बाक काढून उभा राहणारा, उचलताना किंचाळणारा आणि एक-दोन दिवसांत मागच्या पायांनी झोकांड्या खाऊ लागणारा तीन ते सात वर्षांचा डॅशहुंड दिसला, की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय हाच येतो.

मात्र पाय जाण्याचे हे एकच कारण नाही, आणि इथेच पैशांचा प्रश्न येतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडवर गाडीची धडक बसलेल्या कुत्र्याचा मणका मोडलेला किंवा सरकलेला असू शकतो, आणि ते बहुतेक वेळा साध्या एक्स-रेमध्ये दिसते. मणका पूर्ण सरकलेला असेल आणि पायांत वेदनाही उरलेली नसेल, तर पुढे कितीही खर्च केला तरी पाय परत येण्याची आशा अगदी थोडी असते. खेळताना एकदम ओरडून पडलेला, पण तासाभरातच दुखणे थांबलेला आणि एका बाजूचा पाय जास्त गेलेला कुत्रा असेल, तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत चकतीचा सूक्ष्म कण अडकल्याची शक्यता असते. त्यात ऑपरेशनचा उपयोगच नसतो, पहिल्या दिवसानंतर आजार सहसा वाढत नाही आणि नेटाने केलेल्या व्यायामाने बरेच कुत्रे पुन्हा चालू लागतात. म्हातारा जर्मन शेफर्ड काही महिन्यांत हळूहळू, अजिबात न दुखता मागून खचत गेला असेल, तर तो मज्जारज्जूच्या झिजेचा आनुवंशिक आजार असू शकतो आणि त्यावर औषध नाही. डोळ्या-नाकातून स्राव आणि ताप येऊन गेल्यावर पाय थरथरू लागले असतील, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार करावा लागतो. या चारही प्रसंगी एमआरआयवर खर्च केलेल्या पैशांनी निदान पक्के होईल, पण पुढचा मार्ग बहुधा बदलणार नाही.

रस्त्यावरच्या किंवा लसीकरणाची माहिती नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक शक्यता आधी तपासली पाहिजे. रेबीजचा एक प्रकार पिसाळण्याचा नसून लकव्याचा असतो: जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही आणि अंग लुळे पडत जाते. घशात काही अडकले असेल असे वाटून तोंडात हात घालणारे लोक नेमके याच प्रकारात सापडतात. अशा कुत्र्याला उचलताना जाड हातमोजे आणि चादर वापरावी. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावे.

पहिल्या तासात काय करावे

मणक्याच्या दुखापतीत नेण्याची पद्धत फार महत्त्वाची असते. पुढच्या काखांत हात घालून उचलले, की मागचे सगळे वजन दुखऱ्या मणक्यावर लोंबते. लहान कुत्र्याला उचलताना एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली घेऊन पाठ आडवी ठेवावी. मोठ्या कुत्र्याला कपाटाच्या फळीवर किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर सरकवून चादरीच्या पट्ट्यांनी हलकेच बांधावे. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे असेल, तर फळी धरायला दोन माणसे हवीत, आणि डोक्याकडचा माणूस वर राहावा. पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून रिक्षाने नेण्यापेक्षा मागच्या सीटवर फळी मावेल अशी गाडी मागवणे बरे.

निघण्यापूर्वी घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, आणि माणसाच्या मापाने दिलेल्या पॅरासिटामॉलने यकृताला इजा होऊ शकते. त्याहून नेहमी दिसणारा घोळ म्हणजे एका डॉक्टरांनी स्टेरॉइड टोचलेले असते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडे मेलोक्सिकॅमसारखे वेदनाशामक मिळते, आणि दोन्ही एकत्र पोटात गेल्याने जठराला व्रण पडून काळी, डांबरासारखी शी होऊ लागते. म्हणून आधी दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचे नाव कागदावर लिहून घ्यावे आणि पुढच्या डॉक्टरांसमोर तो कागद ठेवावा.

बोटाला चिमटा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी

डॉक्टर चिमट्याने मागच्या पायाचे बोट हाडापर्यंत जोरात दाबतात. पाय झटकन आखडला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि म्हणतात, ‘बघा, त्याला कळतंय.’ पण पाय आखडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. ती मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच होते आणि मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. कुत्र्याने मान वळवून पाहिले, ओरडला, चावायला आला, निदान डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे मानायचे. या एका फरकावर पुढचे सगळे गणित उभे राहते, त्यामुळे तपासणी होताना कुत्र्याच्या पायाकडे न पाहता तोंडाकडे पाहावे आणि डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘खोलवरची वेदना आहे की नाही?’

चकतीच्या आजारात पाय पूर्ण लुळे असूनही वेदना शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ कुत्रे पुन्हा चालतात. आणि हे कमी लोकांना ठाऊक असते, की शस्त्रक्रिया न करता कडक विश्रांतीवर ठेवलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक कालांतराने चालू लागतात. वेदना गेलेली असेल, तर शस्त्रक्रियेने साधारण निम्मे चालतात आणि शस्त्रक्रियेविना फार थोडे. म्हणजे पैसा मर्यादित असेल, तर त्याचा सर्वांत मोठा परिणाम याच शेवटच्या गटात दिसतो, पण तिथे अपयशाची शक्यताही मोठी असते. वेदना गेल्यानंतर नेमक्या किती तासांत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. थांबावे असे मात्र कोणी सुचवत नाही. जो कुत्रा चालतो आहे पण दुखते आहे, किंवा झोकांड्या खातो आहे, त्याच्यासाठी पहिल्याच दिवशी एमआरआयची घाई करण्याचे सहसा कारण नसते. मात्र झोकांड्या खाणारा दुसऱ्या दिवशी उठेनासा झाला, तर त्याच दिवशी पुन्हा दाखवावे.

शस्त्रक्रियेशिवायच्या उपचारातले औषध म्हणजे पिंजरा. किमान चार आठवडे कुत्रा एवढ्याच जागेत राहिला पाहिजे, की उठता, वळता आणि आडवे होता येईल, पण फिरता येणार नाही. पायऱ्या, सोफा, दारावरची घंटा वाजल्यावरची धावपळ हे सगळे बंद. शी-लघवीला पट्ट्याने बांधून, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून न्यायचे. हा उपचार जवळजवळ फुकट असतो, आणि बहुधा त्यामुळेच तो सगळ्यात कमी पाळला जातो. दहाव्या दिवशी दुखणे थांबते, कुत्रा केविलवाणा भुंकतो, आजीला त्याची दया येते आणि दार उघडले जाते. फाटलेले कडे मात्र तोवर भरून आलेले नसते.

मूत्राशय

लुळ्या कुत्र्याच्या शुश्रूषेत एकच गोष्ट नीट शिकायची असेल, तर ती ही. पायांबरोबर बहुधा लघवीवरचा ताबाही जातो. गादी ओली दिसते म्हणून घरचे समजतात की लघवी होते आहे, पण पुष्कळदा मूत्राशय गच्च भरून फक्त वरचे ओघळत असते. साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, मूत्राशयाचे स्नायू ताणून निकामी होतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. डायपर बांधल्याने यातले काहीच टळत नाही, उलट ओघळणे नजरेआड होते.

म्हणून दिवसातून तीन ते चार वेळा लघवी हाताने दाबून काढावी लागते. बाथरूमच्या फरशीवर रबरी चटई टाकून कुत्र्याला आधाराने उभे करावे किंवा कुशीवर झोपवावे. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या किंचित पुढे ठेवून बोटे सरळ राखावीत आणि हळूहळू आत दाबत मधली गोल, ताणलेली पिशवी शोधावी. लहान कुत्र्यात ती लिंबाएवढी, मोठ्यात मोसंबीहूनही मोठी लागते. सापडली की एकसारखा दाब देत मागच्या दिशेला न्यावे. सुरुवातीला पोट कडक होते. तेव्हा जोर न वाढवता कुत्रा श्वास सोडेपर्यंत थांबावे. धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवावा आणि ती थांबल्यावर पुन्हा एकदा चाचपून पाहावे. बोटांची टोके खुपसू नयेत, आणि धार येतच नसेल तर हट्टाने दाबू नये, कारण भरलेले मूत्राशय फुटू शकते. पाठीच्या मधल्या भागात इजा असेल, तर लघवीच्या मार्गाचा स्नायू घट्ट आवळलेला राहतो, आणि नर कुत्र्यात तर हे काम फारच अवघड जाते. तो स्नायू सैल करणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात. ही क्रिया चित्रफीत पाहून शिकण्यापेक्षा डॉक्टरांचा हात आपल्या हातावर ठेवून शिकलेली बरी. लघवीला उग्र वास, गढूळपणा किंवा रक्त दिसले तर कल्चर तपासणी (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची) करून मगच अँटिबायोटिक घ्यावे. दर वेळी अंदाजाने तेच औषध घेत गेल्यास पुढे कोणतेच लागू पडत नाही.

शीच्या बाबतीत एवढे कटकटीचे नसते. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील, तर ती आपोआप ठरावीक वेळी बाहेर पडते, आणि गुदद्वाराभोवती ओल्या गार कापसाने हलकेच पुसल्यास लवकर होते.

कातडी, गादी, फरशी

आपल्याकडच्या दमट हवेत दुसरा शत्रू म्हणजे ओल. कुल्ल्याच्या हाडावर, बसायच्या हाडावर आणि घोट्याशी कातडी पातळ असते. तिथे आधी केस जातात, मग लाली येते आणि दोन-चार दिवसांत जखम होते. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, जाड फोमला रेक्झिनचे कव्हर घालून वर सुती चादर अंथरावी आणि ढुंगणाभोवतीचे केस बारीक कापून ठेवावेत. लहान मुलांचा डायपर शेपटीसाठी भोक पाडून वापरला, तर कुत्र्यांसाठीच्या खास डायपरपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण तो ठराविक वेळच बांधावा. डायपरच्या पुरळावर लावायची झिंक ऑक्साइड असलेली मलमे मात्र टाळावीत, कारण कुत्रा ती चाटतो आणि त्यातले जस्त त्याला बाधते. ज्या फरशीवर तो सरपटतो, ती फिनाईलने पुसून तशीच ओली ठेवू नये. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली तर एक-दोन दिवसांत अळ्या पडतात; वास येऊ लागला, की घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, पण थोडा. कुशीवर झोपवून प्रत्येक सांधा हलकेच दहा-पंधरा वेळा वाकवावा आणि सरळ करावा, तळव्यांच्या बोटांमध्ये गुदगुल्या कराव्यात, पोटाखाली टॉवेल धरून चारी पंजे नीट टेकवून मिनिटभर उभे करावे. चकतीचा आजार असेल, तर यातले काय आणि कधी सुरू करायचे हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ठरवू नये. पाण्यातली ट्रेडमिल उपयुक्त आहेच, पण ती परवडत नाही म्हणून घरचा व्यायाम थांबवण्याचे काही कारण नाही. वजन वाढू देऊ नये. पुढचे दोन पाय आता चौघांचे काम करत असतात.

चाकाची गाडी घाईने घेऊ नये. पाय परत येण्याची वाट पाहण्याच्या काळात ती पडून राहते किंवा विश्रांतीत अडथळा आणते. दोन-तीन महिन्यांनी चित्र स्पष्ट झाल्यावर लांबी, उंची आणि कमरेची रुंदी मोजून बनवून घ्यावी, किंवा ज्यांचा कुत्रा बरा झाला वा गेला त्यांच्याकडून जुनी घ्यावी. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. गाडीत कुत्र्याला आडवे होता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

पैशांची व्यवस्था

भुलीसह एमआरआयचा खर्च सहसा पाच आकड्यांत जातो, आणि शस्त्रक्रिया व रुग्णालयातला मुक्काम धरला, तर एकूण आकडा लाखाच्या आसपास किंवा पुढेही जाऊ शकतो. त्यामुळे होकार देण्यापूर्वी बाबवार लेखी अंदाजपत्रक मागावे, आणि त्यात भूल, औषधे, रोजचा मुक्काम आणि नंतरच्या तपासण्या धरल्या आहेत का ते विचारावे. ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींनी दुसरे मत आणि कमी दर यांसाठी परळकडे जरूर पाहावे: तिथे 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तर त्याहूनही जुने आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी कोणती सोय त्या दिवशी उपलब्ध आहे, हे फोनवर विचारूनच निघावे. दुखऱ्या कुत्र्याला घेऊन मुलुंडचा टोलनाका आणि पुढची वाहतूक दोनदा ओलांडण्यात अर्थ नाही.

पाळीव कुत्र्यांचा विमा आता मिळतो, पण तो आजार झाल्यावर उपयोगी पडत नाही: आधीपासूनचे दुखणे वगळलेले असते आणि सुरुवातीला प्रतीक्षाकाळ असतो. घरात डॅशहुंड किंवा बीगलचे पिल्लू असेल तर विम्याच्या अटींची पाने आत्ताच वाचावीत, विशेषतः आनुवंशिक आजारांचे कलम. लोकवर्गणीसाठी मिलाप किंवा केटोसारख्या संकेतस्थळांवर आवाहन करायचे असेल, तर रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे अंदाजपत्रक जोडावे आणि पैसे थेट रुग्णालयाकडे जातील असे पाहावे. देणाऱ्यांचा विश्वास त्याने वाढतो. महिन्याच्या औषधांत बचत करायची तर डॉक्टरांना ब्रँडऐवजी मूळ औषधाचे नाव लिहायला सांगून जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. माणसांसाठीची पातळ औषधे मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण काहींत झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असते आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

एक कठीण मुद्दा टाळता येणार नाही. वेदना गेलेल्या काही कुत्र्यांत पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात मज्जारज्जू इजेच्या जागेपासून मानेच्या दिशेने मरत जातो. ताप येतो, पुढचे पायही जाऊ लागतात आणि श्वास अवघड होतो. तिथे शांतपणे निरोप देणे हाच उपचार उरतो. नुसते पाय नसणे हे मात्र तसे कारण नाही. असे कुत्रे वर्षानुवर्षे मजेत जगतात. घरातल्या माणसांची ताकद संपणे हेही खरे कारण असू शकते, आणि ते डॉक्टरांशी उघडपणे बोलण्यात लाज वाटू नये.

ही ताकद टिकवायची असेल, तर काम एका माणसावर ठेवू नये. बहुतेक घरांत एकाच व्यक्तीला लघवी काढता येते. मग ती आजारी पडली, किंवा गणपतीला सगळे कोकणात निघाले, की अडते. बोर्डिंगवाले अशा कुत्र्याला सहसा ठेवून घेत नाहीत आणि बारा तासांच्या प्रवासात लघवी तुंबणे धोक्याचे असते. म्हणून शेजारची एखादी प्राणिप्रेमी व्यक्ती किंवा दवाखान्यातला कंपाउंडर आधीच ठरवावा, त्याला मोबदला द्यावा, आणि निघण्याच्या आधीचा आठवडाभर आपल्या देखत त्याच्याकडूनच रोज लघवी काढून घ्यावी.